बगची तक्रार, ईमेल आणि ‘रत्नागिरी’ची ८१ चिन्हं

आज रत्नागिरीहून एका बटणाची गोष्ट सांगतो. तुमच्या फोनमधल्या कितीतरी अ‍ॅपमध्ये ते असतं, पण तुम्ही बहुधा कधी दाबलेलं नसतं. ‘समस्या कळवा’.

आमच्या काकांनी ते दाबलं. पावसला त्यांची हापूसची बाग आहे. पेट्यांचा हिशोब ठेवायचं अ‍ॅप ऐन सीझनमध्ये सारखं बंद पडायला लागलं. बटण दाबल्यावर ईमेल उघडलं, तर आत चार-पाच ओळी आधीच इंग्रजीत लिहिलेल्या! “हे मी लिहिलेलं नाही रे, पुसून टाकतो,” काका म्हणाले. पुसलं, आणि लिहिलं, ‘अ‍ॅप चालत नाही.’ दोन दिवसांनी उत्तर आलं: फोन कोणता? अँड्रॉइड कोणतं? अ‍ॅपची आवृत्ती कोणती? म्हणजे काकांनी पुसलं होतं, नेमकं तेच!

या ओळी येतात कुठून? प्रोग्रामर लोकांची ही जुनी सवय. ईमॅक्स नावाच्या एडिटरमध्ये एक कमांड दिली की ईमेलचा मसुदा उघडतो आणि आवृत्ती, सिस्टिम वगैरे माहिती त्यात आपोआप भरली जाते. वेबवर हेच काम ‘मेलटू’ लिंकने केलं. १९९४च्या नियमांत या लिंकमध्ये फक्त पत्ता मावायचा. जुलै १९९८मध्ये पॉल हॉफमन, लॅरी मॅसिंटर आणि जेमी झविन्स्की यांनी नवे नियम लिहिले. पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, मग विषय आणि मजकूर. अ‍ॅप एवढंच करतं: ही लांबलचक ओळ तयार करून ईमेल प्रोग्रामच्या हातात देतं. ‘पाठवा’ दाबणारे तुम्हीच.

म्हणजे पत्र अर्धं यंत्राचं, अर्धं तुमचं. आणि इथे आपली मराठी अडकली. १९९८च्या नियमांप्रमाणे मजकुरात साधी इंग्रजी चिन्हंच चालायची. यंत्राच्या अर्ध्या पत्राला काहीच अडचण नव्हती. काकांच्या अर्ध्या पत्राला नियमात जागाच नव्हती. ती मिळाली ऑक्टोबर २०१०मध्ये. नवे नियम युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीवर बेतले गेले, आणि ते लिहिणाऱ्यांत मार्टिन ड्युर्स्ट हेही होते.

पण जागा मिळाली ती महाग. ‘रत्नागिरी’ संगणकाला नऊ तुकड्यांत दिसते: र, त, हलन्त, न, काना, ग, वेलांटी, र, वेलांटी. प्रत्येक तुकड्याला तीन बाइट, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट तीन चिन्हांत लिहायचा. नऊ नव्वे एक्क्याऐंशी! इंग्रजी स्पेलिंगला फक्त नऊ. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये लिंकची कमाल लांबी होती २०८३ चिन्हं. मराठीत सव्वादोनशे-अडीचशे तुकड्यांतच जागा संपायची.

बरं, मोठी लॉग फाइल जोडायची असेल तर? मेलटूच्या नियमांत फाइल जोडायची सोयच नाही. काही ईमेल प्रोग्रामनी ती आपल्या मनाने दिली, आणि २०२०मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की अशा लिंकवर क्लिक केल्यावर तुमच्या संगणकातली खासगी फाइल नकळत जोडली जाऊ शकते. अँड्रॉइडवर वेगळा रस्ता आहे. अ‍ॅप ईमेल अ‍ॅपला मजकुरासोबत फाइलही सोपवतं. २०१६च्या अँड्रॉइड ७पासून नव्या अ‍ॅपना फाइलचा थेट पत्ता देता येत नाही. त्या एका फाइलपुरती, तात्पुरती वाचायची परवानगी द्यावी लागते.

मला या जुन्या पद्धतीतली एक गोष्ट मोलाची वाटते. आज बरीच अ‍ॅप बिघाडाची माहिती पडद्यामागून परस्पर पाठवतात. ईमेलमध्ये मात्र ती पाठवण्याआधी तुमच्या डोळ्यांसमोर असते. वाचा. जोडलेली फाइल उघडून बघा. फोन नंबर, बँकेचं काही नको तिथे दिसलं तर काढा. मॉडेल आणि आवृत्ती मात्र ठेवा.

काकांनी दुसऱ्यांदा त्या ओळी ठेवल्या. आणि वर चक्क मराठीत लिहिलं: ‘पेटीचा भाव टाकला की अ‍ॅप बंद पडतं.’ या वेळी उलट प्रश्न आला नाही.

तुम्हीही आज एखाद्या अ‍ॅपमधलं ते बटण दाबून बघा. आत काय लिहून येतं ते वाचा. भेटू पुढच्या भागात!