रायफलवरचा झूम स्कोप: ३-९×४० म्हणजे काय, आणि किती ‘एक्स’ पुरेसा?

नोव्हेंबर २०१७. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याची दहशत होती. तत्कालीन जलसंपदा मंत्री गिरीश महाजन हातात पिस्तूल घेऊन बिबट्याच्या शोधात निघाल्याचा व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. बिबट्या मारला गेला तो मात्र डिसेंबरमध्ये, वनविभागाच्या मोहिमेत, वरखेडे परिसरात, रात्रीच्या वेळी.

रात्र, उभं पीक आणि जनावर किती अंतरावर दिसेल याचा अंदाज नाही. झूम कमी-जास्त करता येणारा स्कोप अशाच परिस्थितीसाठी असतो.

सगळ्यात जास्त दिसणारा आकडा ३-९×४०. म्हणजे वस्तू ३ ते ९ पट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. मोठा आकडा म्हणजे चांगला स्कोप, हा समज इथेच फसतो. ३ पटीवर १०० मीटरवरचा साधारण ११ मीटर रुंद पट्टा दिसतो, ९ पटीवर जेमतेम पावणेचार मीटर. हलणारं जनावर त्यातून सहज निसटतं.

दुसरा हिशेब उजेडाचा. भिंगाच्या व्यासाला झूमने भागायचं. ४० भागिले ९ म्हणजे सुमारे ४.४ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, त्यामुळे चित्र काळवंडतं. झूम ५-६ वर आणला की तोच स्कोप उजळतो. म्हणून स्कोप दुकानातल्या ट्यूबलाईटखाली पारखू नये, दिवेलागणीला पाहावा.

जास्त झूममध्ये हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते. आणि खानदेशातला मे महिना! पारा ४४-४५ वर गेला की जमिनीवरून उठणाऱ्या झळा ९ पटीवर लक्ष्य अक्षरशः नाचवतात. सर्वसाधारण वापराला ३-९ किंवा २-७ पुरतो. १६ किंवा २४ पटीचे स्कोप लांब पल्ल्याच्या स्थिर लक्ष्यासाठी.

डोळा आणि स्कोप यांत साधारण ८-९ सेंटीमीटर अंतर हवं. कमी पडलं तर धक्क्याने भुवई फुटते. छऱ्याच्या स्प्रिंग एअर रायफलला मात्र साधा स्कोप लावू नये. तिचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो, त्यात आतली भिंगं सैल होतात. ‘एअर रायफलसाठी’ असं लिहिलेलाच घ्यावा.

नेमबाजीत करिअर करायचंय? मग हा खर्च वाचला. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरवर कांस्य जिंकलं ते बारीक छिद्राच्या साईटमधून पाहून.

राहिला कायदा. जळगाव-धुळ्यात पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असला, तरी तो शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरासाठीही वनविभागाची परवानगी लागते. बिबट्या तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही लेखी आणि कारणांसह.