चार तारांत काम भागत असताना सहा तारांची बेस गिटार कशाला? काय असतं हे 'एक्स्टेंडेड रेंज'चं वेड

परभणीहून रेल्वेनं पूर्णेकडं निघालं की मध्ये पिंगळी स्टेशन लागतं. एखादी मालगाडी इथून न थांबता गेली की फलाटावर उभ्या माणसाला दोन आवाज कळतात. चाकांचा खडखडाट कानाला ऐकू येतो. त्याच्या खाली एक घुमणारा आवाज असतो, तो पायातून वर चढतो आणि छातीत जाणवतो.

गाण्यातला हा खालचा आवाज सांभाळायचं काम बेस गिटारचं. गाणं ऐकताना आपलं सगळं लक्ष गायकाकडं असतं, पण पाय ठेका धरतो तो बऱ्याचदा ड्रम आणि बेसच्या जोरावर.

नेहमीच्या बेस गिटारला चार तारा असतात. पण रील्स बघताना पाच, सहा, कधी सात तारांची आणि फळीएवढ्या रुंद दांडीची बेस घेतलेला माणूसही तुम्ही पाहिला असेल. यालाच एक्स्टेंडेड रेंज बेस म्हणतात. आता ज्या वाद्याकडं कुणाचं लक्षच नसतं, त्याला आणखी तारा लावून लोकांना काय मिळतं? तेच समजून घेऊ.

आधी चार तारांचं गणित

1951 मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीनं प्रिसिजन बेस बाजारात आणली. त्याआधी बँडमध्ये खालचे सूर वाजवायला माणसाएवढा उंच डबल बास लागायचा. तो घेऊन गावोगाव फिरणं म्हणजे दिव्यच. फेंडरनं तेच काम गळ्यात अडकवता येईल अशा इलेक्ट्रिक गिटारवर आणलं. डबल बासला चार तारा होत्या, म्हणून हिलाही चार.

सगळ्यात जाड तार ई. ती सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते, म्हणजे तिचा सूर 41 हर्ट्झ. पुढं ए, डी आणि जी. आपल्या भाषेत सांगायचं तर एका तारेला षड्ज मानलं की पुढची तार तिच्या मध्यमात लावलेली असते. चारही तारांमध्ये हेच अंतर.

हा सूर किती खालचा? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यात खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास असते. बेसची ई तार त्याच्याही बरीच खाली. माणसाच्या कानाची हद्द 20 हर्ट्झच्या जवळ संपते.

मग पाचवी-सहावी तार आली कुठून?

जास्त तारांचे प्रयोग फेंडरनंच लवकर करून पाहिले होते. 1961 मध्ये सहा तारांची 'बेस सिक्स' आली, 1965 मध्ये पाच तारांची 'बेस फाइव्ह'. पण बेस सिक्स ही साध्या गिटारच्या एक सप्तक खाली लावलेली होती आणि बेस फाइव्हची जास्तीची तार वरच्या बाजूला होती. ई तारेच्या खाली जायचा रस्ता दोन्हींत नव्हता.

तो रस्ता शोधला न्यूयॉर्कच्या अँथनी जॅक्सननं. 'द ओ'जेज' या ग्रुपच्या 1973 सालच्या 'फॉर द लव्ह ऑफ मनी' या गाण्यातली गाजलेली बेस त्यानंच वाजवलेली. त्याचं म्हणणं सरळ होतं. बेस गिटार ही गिटारच्याच घरातली, गिटारला सहा तारा, मग हिला चारच का? फेंडरनं डबल बासकडं पाहून चार ठेवल्या, म्हणून जगानं त्यालाच नियम का मानायचं?

1975 मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिरानं त्याला सहा तारांची बेस बनवून दिली. जॅक्सननं तिला नाव दिलं कॉन्ट्राबेस गिटार. नेहमीच्या चार तारा मध्ये, खालच्या बाजूला एक बी आणि वरच्या बाजूला एक सी. आज सहा तारांची बेस म्हटलं की बहुतेक वेळा हीच रचना असते. पाच तारांच्या बेसमध्ये बहुतेक वेळा फक्त खालची बी वाढवतात.

खालच्या तारेचा फायदा: पट्टी

बी तार साधारण 31 हर्ट्झची. म्हणजे ईपेक्षा पाच स्वर खाली, कोमल-तीव्र धरून. पाच स्वरांनी काय होतं, असं वाटेल. पण ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला विचारा.

समजा गायकानं सांगितलं, 'माझी काळी दोन.' आता चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर ई, आणि काळी दोनचा सा त्याच्या बरोबर एक स्वर खाली. म्हणजे अगदी हाताशी आलेला सा वाद्यावर नाहीच. मग तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि ज्या जागी गाणं जमिनीवर टेकायला हवं, तिथं ते अधांतरी राहतं. काळी एकचीही तीच गत. पाच तारांच्या बेसवर हे दोन्ही सा खाली, भरदार मिळतात. 1980च्या दशकात सिंथेसायझरवर वाजवलेले बेस ईच्या खाली जायला लागले, तेव्हा जगभरच्या वादकांना हीच अडचण आली. पाच तारांची बेस रुळायचं ते एक मोठं कारण मानलं जातं.

आणखी एक सोय आहे. सगळ्या तारा एकमेकींपासून सारख्या अंतरावर असल्यामुळं 'सा रे ग म'साठी बोटांची जी ठेवण एका जागी बसते, तीच दुसऱ्या जागीही चालते. गायकानं ऐनवेळी पट्टी बदलली तर हात सरकवायचा, बोटांना नवीन काही शिकवायचं नाही. साध्या गिटारवर हे इतकं सरळ होत नाही, कारण तिथं एका जोडीतलं अंतर वेगळं असतं.

वरच्या तारेचा फायदा: एकट्याचं वाद्य

खरं वेड लागतं ते इथं.

चोवीस पडद्यांची, म्हणजे फ्रेटची, चार तारांची बेस सव्वातीन सप्तकं फिरते. आपली नेहमीची पेटी साडेतीन सप्तकांची, म्हणजे बेस तिच्या थोडी मागंच. सहा तारांची बेस चार सप्तकांच्याही किंचित पुढं जाते. शिवाय हात एका जागी ठेवून, चार पडद्यांच्या टप्प्यात, चार तारांवर दीड सप्तक मिळतं आणि सहा तारांवर दोन सप्तकांहून जास्त.

याचा अर्थ असा की खाली सा धरून ठेवायचा, मधल्या तारांवर कॉर्ड वाजवायची आणि वरच्या तारेवर गाण्याची चाल. तीन जणांचं काम एका वाद्यावर होतं.

पुण्या-मुंबईच्या मुलाला याचं महत्त्व कदाचित कळणार नाही. तिथं ड्रमर मिळतो, कीबोर्डवाला मिळतो, तालमीला खोली भाड्यानं मिळते. पिंगळीसारख्या गावात फोनवर बघून बेस शिकणाऱ्या पोराचं काय? बेस हे साथीचं वाद्य. साथ करायची तर आधी कुणीतरी गाणारं-वाजवणारं पाहिजे. ते नसेल तर महिनोन्महिने तोच तो ठेका एकट्यानं वाजवायचा, आणि एक दिवस वाद्य कपाटावर जातं. सहा तारांची बेस एकट्या माणसालाही पूर्ण गाणं वाजवू देते. उद्या बँड जमला तर तीच बेस मुकाट्यानं मागं उभी राहून आपलं जुनं काम करते.

बेसवाला पुढं येऊ शकतो हे आपल्याकडंही लोकांनी पाहिलंय. मुंबईत वाढलेली मोहिनी डे वडिलांकडून बेस शिकली, ए. आर. रहमान आणि झाकिर हुसेन यांच्यासोबत तिनं वाजवलं. तिच्या कार्यक्रमात बेस मागं दडून राहत नाही, तबल्याच्या बोलांशी सवाल-जवाब करते.

पण फोनवर तर हे ऐकूच येत नाही?

बरोबर. फोनचा छोटा स्पीकर 31 काय, 100 हर्ट्झही धड वाजवू शकत नाही. तरी बेसची चाल आपल्याला कळते, कारण तार कधी एकच सूर देत नाही. 31 हर्ट्झच्या तारेतून 62, 93, 124 असे वरचे सूरही निघत असतात. स्पीकर त्यातले वरचे ऐकवतो आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू मूळ सूर ओळखतो. मात्र छातीत जाणवणारी धडक मेंदू बनवू शकत नाही. त्यामुळं रील बघून 'यात काय विशेष' असं वाटलं, तर एकदा बरा हेडफोन लावून ऐका.

मग अडचणी काय?

पहिली अडचण तारेचीच. तेवढ्याच लांबीवर सूर खाली न्यायचा तर तार ढिली करा किंवा जाड करा. ढिली तार पडद्यांवर आपटून भणभणते. म्हणून बी तार सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जाड असते. नेहमीच्या 34 इंच लांबीवर ती कधीकधी गुळमुळीत वाजते, म्हणून काही कंपन्या 35 इंचांची दांडी देतात. काही जण पडदेच पंख्यासारखे तिरके बसवतात, म्हणजे जाड तार लांब आणि बारीक तार आखूड.

दुसरी अडचण हाताची. चार तारांच्या जॅझ बेसची दांडी वरच्या टोकाला 38 मिलिमीटर रुंद असते, सहा तारांची 50च्या पुढं जाते. लहान हाताला मनगट वाकवावं लागतं आणि चुकीच्या बैठकीनं ते दुखायला लागतं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, ती म्हणजे गप्प बसवण्याची. एक तार छेडली की बाकीच्या पाच आपोआप गुणगुणायला लागतात. त्यांना दोन्ही हातांनी दाबून ठेवावं लागतं. सहा तारांच्या बेसवर न वाजवायच्या तारा सांभाळणं हीच निम्मी मेहनत. शिवाय वजन जास्त, तारांचा सेट महाग, आणि 31 हर्ट्झ पेलणारा अँप्लिफायर नसेल तर बी तारेचा नुसता चिखल ऐकू येतो.

एका तारेवर काय होतं?

जास्त तारा म्हणजे जास्त चांगला वादक, असं मात्र अजिबात नाही. याचा पुरावा परभणी जिल्ह्यातच आहे. देवीच्या गोंधळात संबळ आणि झांजेच्या सोबतीला तुणतुणं असतं. तार एकच. तीच सूर धरते, तीच ठेका देते, आणि रात्रभर चालणारी कथा त्या सुरावर उभी राहते. परभणीचे राजारामबापू कदम यांना गोंधळमहर्षी म्हटलं जायचं. त्यांच्या परंपरेतल्या साथीदाराच्या हातात हीच एक तार असायची.

बेसवाल्याचं कामही मुळात तुणतुणंवाल्याचंच आहे. गाणाऱ्याला पायाखाली जमीन द्यायची. ते चार तारांवर होतं, मन लावलं तर एका तारेवरही होतं. म्हणून नव्यानं शिकणार असाल तर चार तारांपासून सुरुवात करा, हाताला शिस्त लागेल. गायकांच्या पट्ट्या सांभाळायची वेळ आली की पाच तारांकडं जा. आणि सोबतीला कुणी नसताना अख्खं गाणं एकट्यानं वाजवावंसं वाटायला लागलं, की समजा, तुमची सहा तारांची वेळ झाली.