आप्तांची तालीम

मनोरुग्णाच्या आप्तेष्टांकडे इंग्रजी अमलातील सरकार कोणत्या दृष्टीने पाहत होते, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने १९१२ चा वेड्यांसंबंधीचा कायदा एकवार सावकाश चाळावा. आप्त तेथे भेटतो तो रुग्णास दाखल करून घेण्याविषयी अर्ज करणारा म्हणून, रुग्णाच्या मिळकतीच्या चौकशीतील पक्षकार म्हणून, किंवा रुग्ण आपल्या हवाली व्हावा अशी त्याची इच्छा असल्यास, त्याचा नीट सांभाळ करू व त्याच्या हातून इजा होऊ देणार नाही असा मुचलका मॅजिस्ट्रेटपुढे लिहून देणारा म्हणून. हा सांभाळ करावयाचा कसा, अपरात्री कडी काढून चालू लागणाऱ्या माणसास आवरावे कसे, याविषयी सरकारदरबारी चकार शब्द नव्हता. हमी मात्र चोख घेतली जाई.

वार्धक्यात ज्यांची स्मृती ढासळे ते तर बहुधा या कायद्याच्या कक्षेतही येत नसत. कुलाब्याच्या वा येरवड्याच्या इस्पितळाची पायरी न चढता ते घरच्या ओटीवर किंवा माजघराच्या कोपऱ्यात दिवस कंठीत, आणि साठी बुद्धी नाठी एवढे म्हणून शेजारीपाजारी मोकळे होत. आलोइस आल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेन येथील वैद्यसभेत या विकाराचे उदाहरण मांडले आणि १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात त्यास आल्झायमर यांचे नाव दिले, तरी पुढे कित्येक दशके आपल्या घरांना त्याची वार्ता नव्हती. एकत्र कुटुंबाची थोरवी गाणाऱ्यांनीही एक गोष्ट सहसा नमूद केलेली नाही: कुटुंब एकत्र असले तरी शुश्रूषा एकत्र होत नसे, ती एखाद्या सुनेच्या, विधवा बहिणीच्या किंवा थकलेल्या पत्नीच्याच वाट्यास येई.

आप्तांना शिकवावे, हा विचार आपल्या देशात ठळकपणे मूर्त झाला तो अमृतसरच्या मनोरुग्णालयात, आणि त्याच्या मुळाशी करुणेइतकीच टंचाईही होती. फाळणीनंतर लाहोरच्या इस्पितळातील हिंदू व शीख रुग्ण १९५० मध्ये अमृतसरला आणण्यात आले. खाटा अपुऱ्या, नोकरवर्ग तुटपुंजा. तेव्हा तेथील अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी लष्कराकडून तंबू मिळवून ते आवारात ठोकविले आणि रुग्णासमवेत त्याच्या घरच्या माणसांनाही तेथेच राहावयास लावले. रुग्णास दरवाजात सोडून परत फिरण्याची वहिवाट अशा रीतीने मोडली. आप्तांना एकत्र बसवून ते रोगाविषयी बोलत, शंका निरसन करीत. परंतु माझ्या मते त्या बोलण्याहूनही प्रभावी शिकवण शेजारच्या तंबूत मिळत असे, कारण काल आरडाओरड करणारा दुसऱ्याचा मुलगा आज शांतपणे जेवावयास बसलेला दिसला, म्हणजे हा रोग असाध्य आहे ही समजूत आपोआप सैल पडे. पुढे वेल्लोर व बंगळूर येथील संस्थांनीही आप्तांच्या सहवासाचे तत्त्व अंगीकारले.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मात्र हा धडा जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. येथे शेजारचा बरा होऊन घरी जात नाही. म्हणून आप्तास आशेऐवजी युक्ती शिकवावी लागते. केरळात १९९२ साली डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने या विकारग्रस्तांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी एक अखिल भारतीय संस्था उभी राहिली. १९९८ मध्ये कोचीन येथे जमलेल्या संशोधकांनी, जगातील दोनतृतीयांश रुग्ण गरीब देशांत असूनही त्यांच्याविषयी लोकसमूहात जाऊन केलेले संशोधन दहा टक्क्यांहूनही कमी आहे, या विषमतेवर बोट ठेवून आपल्या मंडळास ‘१०/६६’ असेच नाव दिले.

या प्रवाहातूनच गोव्यातील प्रयोग निघाला, ज्याचा वृत्तांत डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबे त्यात होती. त्यांपैकी ४१ कुटुंबांकडे सहा महिने घरभेटीस जाण्यासाठी त्याच भागातील, स्थानिक भाषा बोलणाऱ्या सामान्य शिक्षणाच्या व्यक्ती तयार करण्यात आल्या. मनोविकारतज्ज्ञ पाठीशी होते, पण उंबरठा ओलांडून जाणारे हेच गृहसल्लागार. घरात नेहमी घडणारा प्रसंग घ्या: अर्ध्या तासापूर्वी भात-आमटी जेवलेले सासरे फाटकाशी उभे राहून, मला कोणी जेवावयास दिले नाही, असे येणाऱ्याजाणाऱ्यास सांगतात, आणि चारचौघांत अब्रू गेली म्हणून सून त्यांच्याशी वाद घालते. वाद जिंकण्यात अर्थ नाही, ही कागाळी सासऱ्यांची नसून रोगाची आहे, पेजेची लहानशी वाटी हाती दिली तर प्रसंग निभावतो, हे तिला कोणीतरी शेजारी बसून सांगावे लागते. रोगाची मूलभूत माहिती, अशा वर्तनास तोंड देण्याची रीत, गरज भासल्यास डॉक्टरकडून तपासणी व औषध, वृद्धांसाठी असलेल्या सरकारी योजनांची वाट दाखविणे, आणि समदुःखी कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देणे, असे या भेटींचे स्वरूप होते.

निष्कर्ष मासलेवाईक निघाला. रुग्णांच्या वर्तनात व कार्यक्षमतेत निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाही. त्यांतील १८ जण तर प्रयोग चालू असतानाच वारले. परंतु सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनाने होणारा त्यांचा मनस्ताप कमी झाला, हे आकड्यांनी सिद्ध झाले. यास कोणी अर्धे यश म्हणतील. मला तसे वाटत नाही; मुचलका लिहून घेणाऱ्या कायद्याने ज्या माणसाचा कधी विचारच केला नव्हता, त्याच्यासाठीच तर हा खटाटोप होता.