भाडं परवडतं म्हणजे नेमकं काय? गिरणगाव ते दिवा

1921-22 साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. जी. फिंडले शिरस यांचा हा अहवाल 1923 मध्ये छापला गेला. त्यात 2,473 कुटुंबांचे आणि 603 एकट्या कामगारांचे जमाखर्च आहेत. कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न सरासरी 52 रुपये आणि खर्चातला भाड्याचा वाटा 7.7 टक्के.

आज भाड्यासाठी उत्पन्नाच्या 30 टक्क्यांची मर्यादा सर्रास सांगितली जाते. त्या मापाने शंभर वर्षांपूर्वीचा गिरणी कामगार अगदी निवांत होता म्हणायचं. पण तसं नव्हतं. मग टक्का खोटा आहे का? नाही. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतोय.

त्याच अहवालात खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग नुसत्या खाण्यावर जातो. उरलेल्यात कपडे, सरपण, कर्जाचं व्याज आणि गावाकडे पाठवायचे पैसे. भाडं कमी होतं, कारण माणसाने जागाच कमी घेतली होती. बहुतेक कुटुंबं एका खोलीत राहायची. एकटे गडी गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि खाणावळीत जेवायचे. म्हणजे 7.7 टक्के हे घर स्वस्त असल्याचं माप नाही, माणसाने किती आखडून घेतलं त्याचं माप आहे.

पुढे कायदा आला. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी ढोबळमानाने 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधली. जे आत होते ते वाचले. नव्याने येणाऱ्याला मात्र खोली मिळायची ती पगडी मोजून. 1973 च्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं, त्यानंतरच्यांना नाही. आजचा 11 महिन्यांचा करार आणि डिपॉझिट त्या तारखेच्या अलीकडचं जग आहे. त्यामुळे मुंबईचं 'सरासरी भाडं' काढताना सांभाळा. जुना भाडेकरू आणि नवा भाडेकरू एका सरासरीत घातले, तर ती दोघांचीही नसते.

1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि कमी पगाराच्या माणसाची खोली रेल्वेमार्गाने बाहेर सरकत गेली. दिवा हे त्यातलं एक ठिकाण. ठाणे महापालिकेची हद्द, मुंब्र्यानंतरचं स्टेशन, आणि मोठ्या प्रमाणावर अनधिकृत इमारती. इथली खोली ठाण्यापेक्षा स्वस्त मिळते. का मिळते, हा खरा प्रश्न.

एक काल्पनिक हिशेब मांडू. पगार 20,000, भाडं 5,000. म्हणजे 25 टक्के, कागदावर परवडलं. आता रोजचा जाण्यायेण्याचा प्रवास तीन तास आणि कामाचे दिवस 26 धरा. महिन्याला 78 तास होतात. आठ तासांच्या पाळीने तासाला साधारण 96 रुपये पडतात, म्हणजे त्या वेळेची किंमत झाली जवळजवळ 7,500. भाड्यापेक्षा प्रवास महाग!

आणि काही गोष्टी तर रुपयांत येतच नाहीत. 2 जानेवारी 2015 ला दिवा स्टेशनात प्रवाशांचा उद्रेक झाला. जलद लोकल इथे थांबायला डिसेंबर 2016 उजाडला. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून किमान चार जण गेले. 4 एप्रिल 2013 ला जवळच्या शीळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळून सत्तरहून जास्त माणसं मेली. स्वस्त जागेच्या किमतीत हेही धरावं लागतं.

म्हणून 'परवडणं' या विषयावर प्रस्ताव लिहीत असाल, तर टक्केवारीच्या आधी तीन प्रश्न विचारा. या भाड्यात किती जागा आणि किती माणसं? हा भाडेकरू कायद्याच्या कोणत्या तारखेच्या आतला? आणि भाड्यात न दिसणारी किंमत वेळेत, पाण्यात की जिवावर मोजली जातेय? शिरस यांच्या तक्त्यात भाड्याचा एकच रकाना होता. दिव्यासाठी तक्ता आखताना निदान तीन तरी आखा.