सिमेंटचे पत्रे: आगोटीआधी त्यांचा इतिहास वाचा

आगोट तोंडावर आली. गोठ्यावर चढायचं, फुटके पत्रे काढायचे, शेवाळ घासायचं, ही कामं आता हातखंब्यात घरोघर निघतील. म्हणून आजची नोंद खताची नाही, छपराची आहे.

मी लहान होतो तेव्हा आमच्या गोठ्यावर गवत होतं आणि घरावर नळ्यांची कौलं. ऐपतवाल्यांकडे मंगलोरी. ही मंगलोरी कौलं १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने पाडायला सुरुवात केली. कौलं दिसायला छान, पण दरवर्षी परतायची, आणि वानरांनी उड्या मारल्या की परत फुटायची. मग सिमेंटचे पत्रे आले. दोन गडी एका दिवसात गोठा झाकायचे. लोखंडी पत्रा आपल्या खाऱ्या हवेत गंजतो, हा गंजत नव्हता. चाकरमान्यांनी पैसे पाठवले आणि वाडीत गोठे, पडव्या, न्हाणीघरं या पत्र्याखाली गेली.

या पत्र्यात सिमेंटबरोबर दहा टक्क्यांच्या आसपास अस्बेस्टॉस असतो. तो खाणीतला दगडच, पण त्याचे धागे सुटतात. न जळणारे, न कुजणारे. सिमेंट आणि हे धागे कालवून पातळ पत्रा करायची रीत ऑस्ट्रियाच्या लुडविग हात्शेक यांनी १९०० च्या सुमारास काढली. आपल्या देशात १९३४ पासून असे पत्रे करणारी कंपनी आहे. पुढे मुलुंडला कारखाना चालला. घाटकोपरला याच धाग्यापासून ब्रेकचे लायनर आणि कापड व्हायचं.

पण तोवर याचा त्रास जगाला कळलेला होता. १९२४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेलला नेली कर्शॉ ही गिरणीत अस्बेस्टॉस कातणारी बाई वयाच्या ३३ व्या वर्षी गेली. तिच्या फुप्फुसात हेच धागे निघाले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की खाणीत काम न करता नुसतं खाणीजवळ राहिलेल्यांनाही फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होतो. कामगारांचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकाही यात सापडल्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ ला निकाल दिला: कामगाराची आरोग्याची नोंद किमान ४० वर्षं ठेवा, आजार निघाला तर एक लाख भरपाई द्या. चाळीस वर्षं का? कारण धागा आत गेल्यावर आजार दिसायला वीस ते चाळीस वर्षं लागतात. युरोपात २००५ पासून वापर बंद आहे. आपल्याकडे खाणी बंद, पण बाहेरून धागा येतो आणि पत्रे बनतात.

हे सगळं मी वाचलं ते उशिरा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात गोठ्याचे पत्रे फुटले. मी तोंडाला पंचा बांधला, घणाने तुकडे केले आणि पाखाडीच्या खड्ड्यात भरले. त्यावरून आता मोटारसायकली जातात, नातू खेळतो. पंच्याने मातीची धूळ अडते, हा धागा अडत नाही.

घाबरवायला लिहीत नाही. अखंड पत्र्याखाली राहण्यात धोका फार कमी. एकदा पत्रा फोडला म्हणून आजार होतोच असंही नाही. धोका वाढतो तो किती धूळ आणि किती वर्षं यावर. विडी-सिगारेट असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो. म्हणून आपला पत्रा असा बघा:

१. वय किती? जुना सिमेंटचा पत्रा अस्बेस्टॉसचाच धरा. नुसतं बघून कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतं.
२. फुटक्या कडेला केसासारखे धागे दिसतात का? पन्हळीखाली राखाडी भुकटी साठते का? हात लावू नका, नुसतं बघा.
३. खाली कोण? उघडा गोठा वेगळा, बंद झोपायची खोली वेगळी.
४. त्याला धक्का कोण देतं? वानरं, फणसाची फांदी, की दरवर्षी तारेचा ब्रश मारणारे आपणच?

पत्रा धड असेल तर तसाच राहू द्या. शेवाळ कोरडं घासू नका, ग्राइंडरने कापू नका. काढायचाच तर आधी पाण्याने भिजवा, बोल्ट सोडवा, अख्खा खाली घ्या. वर चढताना फळी टाका, जुना पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस खाली येतो. साधा रुमाल नको, बारीक धुळीचा मास्क घ्या. कपडे भिजवून वेगळे धुवा. तुकडे कलमांच्या आळ्याला लावू नका, पॉवर टिलरखाली आले की परत धूळ. जाळू नका, भंगारात देऊ नका.

न्यायचे कुठे? घातक कचरा पुरायच्या शास्त्रीय जागा तळोजा आणि रांजणगावला आहेत. आमच्या वाडीतून तिथवर न्यायला कोणी येत नाही. म्हणून मी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देतोय, की गावातले सगळे तुकडे एकत्र करून प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारावं. तुम्हीही तुमच्या गावात द्या. एकट्या अर्जाचं काही होत नाही.

पाखाडीतले तुकडे मी या रविवारी भिजवून उचलले आणि दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलेत. जे बारीक होऊन मातीत गेले, त्यावर जाड माती टाकून वर जांभ्याचे चिरे बसवतोय. नातवाला तोवर त्या बाजूला बंदी आहे.