रेवाचिनीचा धाक
१८३९ साली अफूबंदीसाठी कँटनला आलेल्या लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने व्हिक्टोरिया राणीच्या नावे खलिता लिहिला. आमच्या चहावाचून आणि रेवाचिनीवाचून परदेशी लोकांचे एक दिवसही निभत नाही. या वस्तू आम्ही बंद केल्या तर तुम्ही जगणार कसे, असा त्याचा सूर होता. एका रेचक मुळीला एवढे वजन आले कुठून?

गान्सू, चिंगहाय, सिच्वानच्या थंड डोंगरउतारांवर वाढणारी ही जाड, पिवळी मुळी चीनमध्ये ‘दाहुआंग’ म्हणून ओळखली जाते. शन्नोंगच्या नावावरच्या प्राचीन औषधीग्रंथात ती आहे. तिच्या धडाक्यामुळे वैद्यांनी तिला ‘सेनापती’ ही पदवी दिली. तिच्यातली अँथ्राक्विनोन द्रव्ये कोठा साफ करतात आणि टॅनिन मागाहून तो बांधते. या दुहेरी गुणावर युरोप भाळला होता.

मुळी हवी सर्वांना, पण रोप पाहिलेले गिऱ्हाईक विरळे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने रेवाचिनीवर एक संवाद लिहिला. ती चीनची आणि खुष्कीने होर्मुझला येते, अशी त्याची माहिती. युरोपात माल ज्या वाटेने येई तिचेच नाव त्याला पडे: तुर्की, रशियन, पूर्व हिंदी.

चीनबरोबरच्या १७२७ च्या तहानंतर रशियाने क्याख्ता या सरहद्दीवरच्या पेठेतून हा व्यापार सरकारी मक्त्यात घेतला. तिथे औषधतज्ज्ञ मुळ्या तपासून घेई आणि नासका माल जाळला जाई. १७८५ ते १७९२ चीनने ती पेठ बंद ठेवली. माल अडवला की गिऱ्हाईक वाकते, हा समज चिनी दरबारात मुरला तो अशा प्रसंगांतून.

दरम्यान, रशियन दरबारात राहिलेल्या जेम्स माउन्सी या स्कॉटिश डॉक्टरने १७६० च्या दशकात बी मायदेशी नेले. एडिंबरोत जॉन होप यांनी त्याची रोपे वाढवली. औषधाला चिनी मुळीच सरस मानली जाई; इंग्रज स्वयंपाकघरांनी मात्र तिच्या भाईबंदांचे आंबट देठ साखर घालून ‘पाय’ नावाच्या पक्वान्नात वापरायला घेतले.

लिनचा हिशेब इथेच फसला. इंग्रजांना रेवाचिनी मिळाली नसती तरी एरंडेल होते, सोनामुखी होती. माळव्यातून मुंबईमार्गे कँटनला पोचणाऱ्या अफूच्या व्यसनाला मात्र असा पर्याय नव्हता. अफूवरून इंग्रजांशी पेटलेल्या युद्धात हरल्यावर १८४२ च्या नानकिंग तहात चीनला पाच बंदरे खुली करावी लागली आणि हाँगकाँग गमवावे लागले.