सहा कंठांचा शोक

सम्राट पाचव्या चार्ल्सची कन्या, दुसऱ्या मॅक्सिमिलियनची विधवा आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची बहीण, अशा तिहेरी राजवैभवाची धनीण मारिया २६ फेब्रुवारी १६०३ रोजी माद्रिदला निवर्तली. तत्कालीन राजा तिसरा फिलिप तिचा भाचाही होता आणि नातूही. पोर्तुगालचा मुकुटही त्याच्याच शिरी असल्याने आपले गोवे तेव्हा त्याच्याच अंमलाखाली मोडत होते. वैधव्यात दरबार सोडून ती देस्काल्सास रेआलेस या जोगिणींच्या मठाच्या आश्रयाला राहिली; दीक्षा मात्र तिने नव्हे, तिची कन्या मार्गारिता हिने घेतली.

तिच्या पदरी धर्मोपदेशक होता तोमास लुईस दे व्हिक्तोरिया. आविलाच्या या संगीतकाराने उमेदीची वर्षे रोममध्ये घालवली आणि १५८३ साली दुसऱ्या फिलिपला वाहिलेल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेतच मायदेशी परतण्याची अर्जी गुजरली. स्तुतीच्या ओघात आपले काम उरकण्याची ही हातोटी आपल्या बखरकारांनाही ठाऊक होती. त्या ग्रंथात चार कंठांसाठी एक मृतमिस्सा, म्हणजे मृतांसाठीच्या उपासनेची संगीतरचना, होतीच. पण धनिणीच्या उत्तरक्रियेसाठी त्याने सहा कंठांची नवी रचना केली.

त्या काळचे गायक एकाच उंच घोडीवर उघडलेल्या प्रचंड पोथीभोवती दाटीने उभे राहत, आणि समोरासमोरच्या दोन पानांवर प्रत्येक कंठाचा मजकूर वेगळा छापलेला असे. प्रारंभीचे शब्द परंपरेप्रमाणे साध्या एकेरी चालीत होतात, मग सहाही कंठ उमलतात. आणि चर्चची ती प्राचीन चाल बहुतांशी दुसऱ्या उच्च कंठाकडे, दीर्घ स्वरांत सोपवलेली असल्याने तिच्यावरून पहिला उच्च कंठ विरळ वस्त्रासारखा सरकत जातो. येथे तंबोऱ्याची आठवण होते, पण ती फसवी आहे: तंबोरा स्थिर असतो, ही चाल मात्र संथ पावलांनी चालत असते, आणि रचनाकाराची सारी कल्पकता तिच्या आगेमागे अदबीने वागते. ईयोबाच्या ग्रंथातील, वाद्येच शोकाकुल झाल्याचे सांगणाऱ्या वचनावरील मोटेटात, म्हणजे धार्मिक गीतात, मात्र हा आधार सुटतो, आणि माझ्या मते शोक प्रथमच उघड होतो तो तेथेच.

१६०५ साली ही रचना माद्रिदच्या राजमुद्रणालयात छापून मार्गारितेला अर्पण झाली. त्यानंतर व्हिक्तोरियाने काहीच छापले नाही. २७ ऑगस्ट १६११ रोजी मरेपर्यंत तो त्याच मठात ऑर्गन वाजवीत होता.